मास्तरांची तीन ठोक्यांची चाल

आमच्या बँडमास्तरांच्या कानाला चुकीचा सूर लागला की ते भर वरातीत मागं वळून डोळे वटारायचे. नवरदेव घोड्यावर, लोक नाचण्यात दंग आणि मास्तर आमच्यावर गुरगुरतायत. मी बडा ढोल वाजवायचो, त्यामुळं या प्रसादातला मोठा वाटा माझाच असायचा.

मास्तर मूळचे गोव्याचे. निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, बँड मोडला, आणि मास्तर जालन्याला आले. इथं त्यांनी आम्हा आठ जणांना गोळा केलं. मी बदनापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, गावात ढोलकी वाजवायचो. घरच्यांना वाटलं, हा वाया गेला. मला मात्र पितळी बटणांचा लाल कोट मिळाला होता, माझे पाय जमिनीवर नव्हते.

फौजेत मास्तरांचे गुरू एक म्हातारे गोरे होते, युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातले. लढाईत ते खेडं बेचिराख झालं, माणसं पांगली. सुगीला तिथले शेतकरी ज्या चालीवर गोल नाचायचे, ती चाल तेवढी गुरूंच्या डोक्यात उरली. मरण्याआधी त्यांनी ती मास्तरांना शिकवली आणि वचन घेतलं, की ही लोकांसमोर वाजवायची. हे मला सांगताना मास्तर क्लॅरिओनेट पुन्हा पुन्हा पुसत होते. "गाँव गया, ये चाल रह गई," म्हणाले. "ही गेली तर सगळंच गेलं."

आता अडचण अशी, की चाल तीन ठोक्यांची आणि आपली वरात नाचते चारावर. पाय कुठं टाकायचा तेच कोणाला कळेना. शंभर लग्नं कोळून प्यालेला भाड्याचा घोडासुद्धा जागच्या जागी थांबून मान हलवायचा. मग कोणीतरी ओरडायचंच, "ओ मास्तर, काय वाजवून राह्यले? जल्दी दुसरं घ्या!" वाटूरला तर नवरदेवाचा मामा पायात पाय अडकून सरळ नालीत बसला. सहा वर्षांत ती चाल एकदाही शेवटपर्यंत गेली नाही. आम्हाला हसू यायचं, आणि मास्तरांचा चेहरा पाहिला की हसल्याची लाज वाटायची.

वाटूरहून परतताना मास्तर म्हणाले, "कुंभार पिंपळगावच्या लग्नात ती चाल शेवटची वाजवतो. तिथंही थांबवलं तर वहीत लिहून ठेवलेलं तिचं पान फाडून टाकतो." त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

कुंभार पिंपळगावला वरात मांडवाशी आली आणि मास्तरांनी ती चाल धरली. नाचणारे थांबले. नवरदेवाच्या चुलत्यानं हात वर केला, म्हणजे आता "बस" येणार. मला राहवलं नाही. दांडका काखेत मारला आणि उघड्या हातांनी ढोलावर ढोलकीचा दादरा सुरू केला, तोही तीन-तीन ठोक्यांचाच. पंचमीला आमच्याकडं बाया ज्या ठेक्यावर फेर धरतात, तोच. बँडच्या ढोलावर असं बोटांनी वाजवणं हा मास्तरांच्या कायद्यात गुन्हा. त्यांनी असे डोळे वटारले की मी मान खाली घातली, पण हात थांबवले नाहीत.

मांडवाच्या दारात नवरीची आत्या ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट शेजारणीच्या हाती दिलं, पदर खोचला आणि टाळी धरली. "चला गं, हे तर आपल्या फेराचं हाय!" बघता बघता बायांनी फेर धरला. चुलत्याचा हात वरच राहिला. आत्या फिरता फिरता त्याला म्हणाली, "थांबा पाव्हणे, पुरं होऊ द्या!" चाल शेवटपर्यंत गेली. बायांनी सोडलंच नाही, म्हणून पुन्हा एकदा गेली.

नंतर मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तू ठेका बिघडवलास," म्हणाले. "आता दर लग्नात असाच बिघडवायचा." आणि पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं. मी इतका खूश होतो की दुखणंही मिरवत फिरलो.

चार वर्षांनी त्याच नवरीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी आम्ही पोचलो, तर ओसरीवर बाया जात्यावर हळद दळत होत्या. मास्तर पायरीवरच थबकले. बाया त्याच चालीवर गात होत्या. शब्द हळदीचे आणि नवरीच्या भावाचे. मधे एक हेलकावा त्यांनी आपल्या पदरचा घातला होता, जात्याच्या फेऱ्याला पुरेल असा.

खुंटा धरून बसलेली बाई नवरीची मावशी होती, परतूरकडून आलेली. मागच्या लग्नाला ती नव्हती. मास्तरांनी तिला विचारलं, "बाई, हे गाणं कुठलं?"

"कुठलं म्हंजे? आमच्याच गावचं. लई जुनं हाय, आजी-पणजीपासनं चालत आल्यालं."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मास्तरांनी माझा हात घट्ट दाबला. पायरीवर बसून त्यांनी क्लॅरिओनेट काढलं आणि बायांच्या मागोमाग वाजवू लागले, गुरूंनी शिकवलं होतं तसं. हेलकाव्यापाशी मावशीनं जातं थांबवलं.

"मास्तर, तुमी चुकून राह्यले. तसं न्हाई, असं हाय." आणि तिनं गाऊन दाखवलं.

मास्तरांना कोणी चूक दाखवल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

"बराबर, बाई," ते म्हणाले. "माझंच चुकलं. पुन्हा एकदा शिकवा."