निर्दोष सुटल्याचं डिजिटल

आमच्याकडं फ्लेक्सच्या बोर्डाला डिजिटल म्हणतात. ‘चौकात डिजिटल लागलंय’ म्हटलं की कुणाचा तरी वाढदिवस, निवड, नाहीतर श्रद्धांजली. कोल्हापुरात माझं असल्या डिजिटलचं दुकान आहे. माणसं कशाकशाचं अभिनंदन करून घेतात याची मला फार मजा वाटते. शर्यतीत पहिल्या आलेल्या म्हशीचं मी केलंय. दहावीला काठावर सुटलेल्या पोराचं ‘घवघवीत यश’ केलंय, तेही हार घातलेल्या फोटोसकट. पण गेल्या उन्हाळ्यात मुरगूडकडच्या एका गावातली म्हातारी बाई आली आणि म्हणाली, “दादा, माझ्या ल्योकाचं डिजिटल करायचं हाय. कोर्टातनं निर्दोष सुटलाय त्यो.”

“कशातनं सुटला?” मी सवयीनं विचारलं. नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे.

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते जाईपर्यंत ती थांबली. मग खाली बघून म्हणाली, “पोरीची केस.”

मला ते प्रकरण आठवलं. बलात्काराचा गुन्हा. अटक झाली तेव्हा पेपरात त्याचा फोटो आला होता, बापाच्या नावासकट पूर्ण नाव आणि खाली गावाचं नाव. त्या दिवशी दुकानात दिवसभर तोच विषय होता. तो सुटल्याचं मात्र मला ठाऊकच नव्हतं. “आलतं का पेपरात?” मी विचारलं. “कुठलं येतंय!” ती म्हणाली. पोराची दूध सोसायटीतली नोकरी गेली होती. दोन स्थळं परत गेली होती. सुटून आला तरी तो चौकात पाऊल टाकत नव्हता. सोसायटीत दूध घालायला आता म्हातारीच जात होती. तिला एवढंच हवं होतं, की गावानं तिच्या पोराला परत माणसांत घ्यावं. ज्या चौकात सगळ्यांची नावं लागतात, तिथं त्याचंही नाव लागलं की झालं, असा तिचा हिशेब होता.

“वकील काय म्हणाला?”

“संशयाचा फायदा दिला म्हणाला. कुणाचा फायदा झाला म्हणं त्येच्यात?”

या प्रश्नावर मी हसणार होतो, पण तिचा चेहरा बघितला. ती खरोखरच विचारत होती.

घरी जेवताना मी बायकोपुढं विषय काढला. म्हटलं, कायद्यानं पोरीचं नाव छापता येत नाही, ते बरोबरच आहे. पण निकाल लागेपर्यंत पोराचं तरी कशाला छापायचं? गुन्हा सिद्ध झाल्यावर छापा की हवं तेवढ्या मोठ्या अक्षरात. बायको हातातली भाकरी मोडत म्हणाली, “अहो, नाव छापलं म्हणूनच एखादी दुसरी धीर करून पुढं येते. नाव झाकलं तर तिला कळणार कसं, की आपण एकट्या न्हाय?”

“आणि त्यानं काही केलंच नसलं तर?”

“ते तुम्हाला ठाऊक हाय? मला न्हाय. कोर्टानंबी सिद्ध झालं न्हाय एवढंच म्हटलंय.” मग तिनं मला विचारलं, “त्या पोरीचं काय झालं?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हातारी मजकूर ठरवायला परत आली, तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, पोरीचं नाव कुणी छापलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. घरच्यांनी तिला लांब मामाकडं ठेवलीय. हे सांगताना तिचा आवाज जरा मऊ झाला, आणि मला तिचं नवल वाटलं. मी माझ्या परीनं सांगून बघितलं, “मावशी, हे लावलं तर लोकांना पुन्हा सगळं आठवंल. त्या पोरीच्या घराकडंबी बोटं जातील.” तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “तिचं नाव कुठं लिवायचंय? माझ्या पोराचं लिवायचंय.”

मग मजकुराचं अडलं. ‘निर्दोष मुक्तता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं मी टाइप केलं. कशातून मुक्तता, ते लिहायला हवं होतं. “त्यो शबुद नको,” ती म्हणाली. मी म्हटलं, ठीक. खाली शुभेच्छुक म्हणून फोटोंची रांग लागते. आमच्याकडं तिच्यावाचून डिजिटल पुरं होत नाही, त्या रांगेत यायला माणसं भांडतात. मी विचारलं, “शुभेच्छुकांत कुणाकुणाला घ्यायचं?” तिनं गावातली आठवतील तेवढी नावं मनाशी घेऊन बघितली असावीत, कारण बराच वेळ ती माझ्या स्क्रीनकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “नुसतं ‘आई’ लिवा.”

बोर्ड बांधायला मी माणूस पाठवतो. या वेळी मात्र त्याच्याबरोबर स्वतः गेलो. काय होतंय ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळची वेळ होती. चौकात एसटीच्या थांब्याशेजारी, बाकीच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत आम्ही तो बांधला. म्हातारी इस्त्रीचं लुगडं नेसून खाली उभी राहिली. गावातली माणसं आली, वर बघितलं आणि न बोलता पुढं गेली. तिला राम राम घालायलाही कुणी थांबलं नाही. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, मी तरी या गावात राहत असतो तर थांबलो असतो का?

तेवढ्यात एसटीतून एक परगावचा माणूस उतरला, कुठल्याशा लग्नाला निघालेला. त्यानं डोकं वर करून सगळा बोर्ड मोठ्यानं वाचला, खालच्या ‘आई’पर्यंत. मग म्हातारीलाच विचारलं, “मावशी, काय केलतं ह्यानं?”

“काय बी केलं न्हाय, पावणं,” ती चटकन म्हणाली. “त्येच लिवलंय की वर.”

माणूस गोंधळला. “काय केलंच न्हाय, तर लिवलंय कशाला?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. लग्नाचं कार्यालय कुठं आहे ते मला विचारून तो गेला. म्हातारी फोटोकडं बघत उभी होती. मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला.

“दादा, काढा त्ये,” ती म्हणाली. “माझ्या पोरानं अजून बघितलं न्हाय.”