ऐच्छिक अंतर

"बाई, तुमी इथंच बसा. वाऱ्याला."

सुलभावहिनीने ओटीवर प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. दारापासून लांब, पायऱ्यांच्या अंगाला. माझ्या काखेत माझं पोळपाट होतं. पिशवीत लाटणं. आत माजघरात बायका गोल करून बसल्या होत्या, लाटण्यांचा खडखडाट चालला होता. उडदाच्या पिठाचा आणि हिंगाचा वास थेट अंगणापर्यंत येत होता.

"मी लाटायला आलेय, वहिनी."

"तर काय! पण तुमचं वय झालं बाई. आत ही गर्दी. कोरोना काय पुरता गेला नाय अजून."

मग चहा आला. आतल्या बायकांना कपबशीतून. मला कागदी कपातून. तोही हातात दिला नाही. ओटीच्या कठड्यावर ठेवला आणि वहिनी मागे सरकली. तोंडभर हसत.

दारातून मला तिच्या सासूबाई दिसत होत्या. सगळं गाव त्यांना थोरल्या आई म्हणतं. माझ्याहून किती तरी मोठ्या. लस घेतलेली नाही. आरोग्य केंद्राच्या दारातून दोनदा पळून आल्या, त्यावर गाव अजून हसतं. तोंडाला मास्क नाही. त्या भिंतीला टेकून पिठाची वळी दोऱ्याने कापत होत्या, लाट्या करून परातीत टाकत होत्या. मधेच एक लाटी तेलात बुडवून स्वतःच्या तोंडात.

मला हेवा वाटला. राग नंतर आला. आधी हेवा.

बाळांनो, तुम्ही नातवंडं इतकी लांब राहता. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. आयुष्यभर शहापूरच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं मी. पण काही गोष्टी इंग्रजीत लिहिल्या की सभ्य होतात. ही गोष्ट मला सभ्य करायची नाही.

तुम्ही विचाराल, एका खुर्चीत आणि एका कपात एवढं काय आहे. तर क्रमाने सांगते.

आपण बौद्ध. माझे आईवडील या गावच्या वाडीतले, दुसऱ्यांच्या भातशेतीवर मजुरी करणारे. चैत्रात मोठ्या घरांत पापड लाटायला बायका जमत. ज्या त्या बाईने आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जायचं, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आईला कधी बोलावणं नसायचं. तिला अंगण सारवायला बोलवत. त्यावर मग साड्या अंथरून पापड वाळत घालत. आई सारवायची, मी कुडाशी उभी. माझ्या वर्गातल्या मुली तेलात बुडवलेल्या लाट्या चोखत बाहेर यायच्या. हनुवटीवर तेल. मला दाखवून खायच्या. एक म्हणायची, "तुला नाय गो चालत."

मला चालत होतं. त्यांना चालत नव्हतं.

पुढे मी शिकले, नोकरी केली, निवृत्त होऊन गावात परत आले, धसईच्या रस्त्याला घर बांधलं. सुलभावहिनीचं घर शेजारीच. गाव मला बाई म्हणतं. वाकून नमस्कार करतं. बँकेचे, कोर्टाचे कागद वाचून घ्यायला येतं. माझ्या ओटीवर बसून. आत कुणी येत नाही, मलाही कुणी आत नेत नाही. यावर कधी कुणी बोललं नाही. मीही नाही.

आणि मग टाळेबंदी लागली.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला लाज वाटते. त्या काळात माणसं मेली. आपल्या वाडीतली मजुरीवर जगणारी घरं कामाविना बसली. माळशेजच्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालत गेली, टोकावड्याच्या पुढे कुणी कुणी तर अनवाणी. सगळं मी पाहिलं. तरी खरं ते हेच, की ते महिने मला सुखाचे गेले.

कारण अंतर सगळ्यांना आलं होतं.

किराणा दुकानापुढे चुन्याचे गोल आखले. एका गोलात मी, मागच्या गोलात सुलभावहिनीचे मालक. ज्यांच्या खळ्यावर माझ्या आईने पाठ वाकवली त्यांच्या घरातला माणूस, पिशवी हातात धरून, माझा नंबर झाल्याशिवाय पुढे येऊ शकत नव्हता. टपरीवर सगळ्यांनाच कागदी कप. पैसे सगळ्यांचेच लांबून घेतले जात. देवळाला कुलूप, आपल्या विहारालाही कुलूप. कुणीच कुणाच्या घरी जात नव्हतं. त्यामुळे मला कुणी बोलावत नाही हे दिसत नव्हतं.

संध्याकाळी सुलभावहिनी कुंपणापलीकडे उभी राहायची, मी अलीकडे. दोघींच्या तोंडाला फडकं. तिच्या मुलाला ताप आला तेव्हा ऑक्सिजन कसा मोजायचा ते मी तिला कुंपणावरून शिकवलं. ती रडायची. एकदा म्हणाली, "एकदाचं हे सगळं उघडू दे बाई. निवांत बसून पापड घालू. तुमीपण या." मी ते बोलणं घट्ट धरून ठेवलं. वहिनी विसरली असेल. मी नाही विसरले. नियम थोडे सैल झाल्यावर मुरबाडला गेले तेव्हा नवं सागवानी पोळपाट घेतलं. एकट्या बाईला दोन पोळ्यांसाठी सागवानी पोळपाट कशाला लागतं?

नियम उठले तेही एकदम नाहीत. आज एक उघडलं, उद्या एक बंद. बाजाराच्या दिवशी धसईला जो तो सरकारवर तोंडसुख घेत होता.

"दारूचं दुकान आधी उघडलं आन् पोरांची शाळा शेवटी. वा रे सरकार!"

"आमचा बाजार बंद. आन् मुंबईवाले सिद्धगडाकडं बंगल्यावर येऊन नाचतात, ते चाललं. त्यांना कोरोना वळखतो वाटतं."

"सकाळी येक नियम, सांच्याला दुसरा. कोंबडी तरी बरी, येका जागी बसते."

पाडव्याला शेवटचे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. एसटीच्या थांब्यावर पलीकडच्या आळीतल्या मंगलने मला विचारलं, "बाई, ऐच्छिक म्हंजी काय वो?"

"म्हणजे सक्ती नाही. घालायचा तर घाल, नको तर नको. तुझी मर्जी."

"मर्जी व्हय? मंग सरळ मर्जी म्हणायचं की!" तिने मास्क काढून पदराने तोंड पुसलं. "सुटलो बाई येकदाचे."

सगळ्यांचे चेहरे उघडे झाले. सगळे हसत होते. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होते. मी एकटीच धास्तावले होते. हे सुटले, आता माझं काय होणार?

तरी चार दिवसांनी शेजारच्या घरातून मुसळाने पीठ कुटल्याचा आवाज आला तेव्हा मी पोळपाट घेऊन निघाले. कुंपणावरचं बोलावणं होतं ना.

आणि मला खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीत बसून मी आत बघत राहिले. बायका खेटून बसल्या होत्या, मांडीला मांडी लावून. एकीच्या पोळपाटावरचा पापड दुसरी उचलत होती. कुणी कुणाच्या सुनेची नक्कल करत होती, थोरल्या आई शिव्या देत हसत होत्या. दोन वर्षं जे कुणालाच मिळालं नव्हतं ते त्या पोटभर घेत होत्या. मला बोलायचं होतं त्यांच्यात. माझा पापड वाकडा होऊन कुणीतरी हसायला हवं होतं. सत्तरी उलटलेल्या बाईने कशाचा हेवा करावा? मी पिठाच्या एका लाटीचा करत होते.

मी तिथूनच म्हटलं, "वहिनी, अंतराचा नियम आता उठलाय."

सुलभावहिनी काही बोलायच्या आत मंगल आतून ओरडली, "बाई, तुमीच नाय का सांगितलंत? आता समदं ऐच्छिक! वहिनीची मर्जी!"

सगळ्या हसल्या. मंगलच्या मनात काही नव्हतं, ती अशीच बोलते. पण हसता हसता एकेक बाई मान खाली घालून लाटायला लागली. कारण ते खरं होतं आणि सगळ्यांना एकदम कळलं.

ऐच्छिक. मीच शिकवलेला शब्द.

सरकारने हुकूम काढला तेव्हा अंतर सगळ्यांचं होतं. हुकूम मागे घेतला आणि अंतर ज्याच्या त्याच्या मर्जीवर आलं. त्या मर्जीने सगळ्यांना सोडलं. मला ठेवलं.

मी चहा तसाच ठेवला. उठले. उंबरठा ओलांडला. गुडघे दुखतात, तरी भिंतीला धरून खाली बसले, दोन बायकांच्या मधे. त्या आपोआप सरकल्या. जागा द्यायला नाही. मी पोळपाट मांडलं.

"थोरल्या आई, एक लाटी द्या."

म्हातारीचा हात परातीवर थांबला. तिने सुनेकडे पाहिलं. सगळी लाटणी थांबली होती. पापडाच्या पिठाला थांबून चालत नाही, ते कडक होतं. सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी हलेना.

सुलभावहिनी पुढे आली. वाकली. परात उचलली.

"पीठ वाळतंय. जरा आत ठेवते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

परत आली नाही.

मी बसून राहिले. बायका आपापल्या पोळपाटावरच्या अर्ध्या पापडाकडे बघत होत्या. मग एकीला आठवलं की घरी पाहुणे यायचेत. दुसरीची म्हैस सुटली असणार. पोळपाटं उचलली गेली. थोरल्या आई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. शेवटी मंगल राहिली. तिने माझ्या शेजारी उकिडवं बसून हळूच विचारलं, "कशाला केलंत हे बाई? तुमी येवढ्या शिकलेल्या. तुमाला तरी कळायला पायजे होतं."

"कळलं म्हणूनच आत आले."

ती गेली. मीही उठले. दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, बाईंनी वहिनीचं पीठ नासवलं. परातभर उडीद वाया. कुणी म्हणे, म्हातारपणी डोकं फिरतं. कुणी म्हणे, वहिनी काळजीने बाहेर बसवत होत्या, तर बाईंनी जात काढली. मी तर जातीचं नावही घेतलं नव्हतं.

तुमच्या बाबाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना. त्यांच्या पापडाशिवाय तुझं काय अडलंय? इकडे ये राहायला." तो चांगला मुलगा आहे. पण तो म्हणाला त्याचा अर्थ असा, की जी जागा आपल्याला मिळत नाही ती नकोच होती असं समजायचं. मी हेच आयुष्यभर समजत आले. निवृत्तीच्या समारंभात हेच समजले, लग्नांच्या पंगतीत हेच समजले. मान राखून बाजूला राहायचं. आणि बाजूला राहून बघायचं. नाही. मला ती जागा हवी होती. अजून हवी आहे.

त्यानंतर बरेच दिवस मी एकाच गोष्टीचा विचार केला. टाळेबंदीचा हुकूम रात्री आला आणि सकाळी गावात चुन्याचे गोल होते. पिढ्यान्‌पिढ्या न बदललेलं गाव एका दिवसात बदललं. देवळं बंद झाली, पंगती बंद झाल्या, शहरातून परतलेल्या पोटच्या पोराला लोकांनी शाळेत वेगळं झोपवलं. कुणी म्हटलं नाही की हळूहळू होईल. कुणी म्हटलं नाही की आधी माणसांची मनं बदलू द्या. पोलीस उभे राहिले, दंड झाले, आणि झालं. अस्पृश्यता बंद करायचा कायदाही आहे. मी शाळेत जाऊ लागले त्याआधीपासून आहे. त्याच्यासाठी चौकात एकही पोलीस कधी उभा राहिला नाही. आम्हाला मात्र सांगितलं, धीर धरा, शिका, मोठे व्हा, लोक आपोआप जवळ करतील. मी धीर धरला. शिकले. मोठी झाले. हा सगळा काळ त्यांना मात्र न बदलायची मुभा होती.

म्हणजे जमत नव्हतं असं नव्हतं. करायचं नव्हतं.

हे कळल्यापासून मला सुलभावहिनीच्या मायेची गरज उरली नाही. तिचं मन कसं आहे, याच्याशी मला देणंघेणं नाही.

परवा ती कुंपणाशी आली. बऱ्याच दिवसांनी.

"बाई, राग धरलात?"

"नाही. पुढच्या वर्षी पापड कधी घालणार, ते सांगा."

तिचा चेहरा पडला. "बघू की. अजून लय लांब हाय."

"मी येणार आहे. आत बसणार आहे. परात उचललीत तर तुमच्यासमोर पोलीस ठाण्यात फोन लावीन. कायद्याचं कलम मला पाठ आहे."

"शेजारधर्म असा असतो का, बाई?"

"तुमचा कसा असतो ते बघितलं ना मी."

ती वळली आणि घरात गेली. बोलणं बंद आहे. गाव म्हणतं, बाई तसं करणार नाहीत, बाई सभ्य आहेत. तुमचा बाबाही तेच म्हणतो.

मी करणार आहे.