तव्यावर भाजलेली माती

हैदराबादेतल्या ज्या संशोधन संस्थेत मी काचसामान धुते, तिथं एक मोठा कुकर आहे. घरातल्या कुकरचाच भाऊबंद, पण माझ्या छातीएवढा उंच. संशोधकांनी वाढवलेले जंतू काम संपलं की त्यात घालून वाफेनं मारायचे, मग फ्लास्क घासायचे, सुकवायचे, कागदात गुंडाळून ठेवायचे. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईला हे काम मिळालं याचं मला अजून नवल वाटतं. नवरा इथंच गेटवर वॉचमन, त्यानं शब्द टाकला म्हणून मिळालं. म्हणूनच कुणी नुसती हाक मारली तरी आधी हेच मनात येतं. काही फुटलं का? कुठं डाग राहिला का?

आमच्या मॅडम नागपूरकडच्या. जुन्या औषधांना आता दाद न देणारे जंतू दवाखान्यांत वाढलेत, त्यांच्यावर नवा उतारा शोधायचं त्यांचं काम. मातीत काही जीव असे असतात, म्हणे, की शेजाऱ्याला हटवायला स्वतःच रसायन तयार करतात. आमच्याकडं एका खोलीत मातीवाले, दुसरीत रसायनवाले, तिसरीत रोगजंतूवाले, आणि भांडी मात्र सगळ्यांची माझ्याकडे.

एकदा चहाच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "खत-औषध कधी न पडलेली, जनावरं वर्षानुवर्षं बसलेली माती कुठं मिळेल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं हाय, मॅडम. धारूरच्या डोंगरात. आज्याच्या आधीपासून आमच्या मेंढ्या एकाच जागी बसतात."

सगळ्यांनी माना वळवल्या. माझे कान तापले. मॅडम म्हणाल्या, "मग मागवा ना. जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर तुमच्या धारूरचं नाव लागेल."

नाव लागेल! त्या दिवशी मी फ्लास्क दोनदा घासले.

रजा मिळण्यातली नव्हती, म्हणून मायला फोन केला. "माय, मेंढ्यांच्या वाड्यातली माती धाड. वीतभर खालची. स्वच्छ पिशवीत."

"कावून ग? तिकडं माती न्हाई का?"

"हाय, पण आपली पायजे. मोठ्या लोकांनी मागितलीय."

'मोठ्या लोकांनी' म्हणाले, घोळ तिथंच झाला. मागून भावाचा आवाज आला, "हैद्राबादला जाऊन लेंड्या मागायलीय बघ! मला वाटलं मोत्याची माळ धाडंल. लवकर न्या म्हणावं, मी तिथं नांगर घालून ज्वारी पेरणार हाय."

आंबेजोगाईहून येणाऱ्या गाडीत डबा आला. वर चिवडा, खाली दुसरा स्टीलचा डबा. उघडला तर माती पिठासारखी मऊ. एक खडा नाही, काडी नाही. वास मात्र वेगळा, खरपूस. मी फोन लावला.

"चाळली, खडे येचले अन् मंद आचेवर चांगली भाजली," माय अभिमानानं सांगत होती. "लांबची वाट, किडे पडतेत. मोठ्या मानसांकडं कच्चं धाडत्यात व्हय?"

मी डब्याचं झाकण परत लावलं. जे काम मी इथं रोज त्या कुकरात करते, तेच मायनं तव्यावर केलं होतं. अन् भावानं ट्रॅक्टर सांगून ठेवलेला. एकदा नांगर फिरला की ती जागा गेली.

नवरा म्हणाला, "गुमान दे डबा. माती ती माती, त्यांना काय कळायलंय?"

जिना चढताना मलाही तेच वाटत होतं. पण वर धारूरचं नाव अन् खाली रिकामी बशी, हे डोळ्यांसमोर आलं. तसं नाव लावून घेण्यापेक्षा न लागलेलं बरं. मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "अहो, आम्हीही कधीकधी माती तापवतो. भट्टीत, मोजून. सगळं मरत नाही. काही जीव कडक कवचात दडून राहतात. बाकीची गर्दी गेली की त्यांना जागा मिळते. पण तुमच्या आईंनी किती भाजली, देव जाणे. टाकून तर बघू."

दुसऱ्या गावांहून आलेल्या मातीच्या बश्या लगेच जिवांनी भरून आल्या. धारूरची नितळच. मातीवाल्यांतला एक पोरगा म्हणाला, "ताई, ही बशी तुम्हीच धुऊन ठेवली का?" सगळे हसले, मीही हसले. पण आत काहीतरी खचत होतं. येता-जाता काचेतून बघायचं, हात लावायचा नाही.

मग एका सकाळी पांढरे ठिपके दिसले. ज्वारीचं पीठ सांडावं तसे, कोरडे, भुरभुरे.

पुढं तो पांढरा जीव रोगजंतूंच्या बशीत मधोमध ठेवला. बाकी सगळीकडं जंतू साय धरावी तसे पसरले. त्याच्याभोवती मात्र झाडाला आळं करावं तशी मोकळी, गोल जागा. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. हाक आली तेव्हा नेहमीसारखंच मनात आलं होतं, काही फुटलं का?

"औषध म्हणू नका हं," त्यांनी बजावलं. "रसायनवाले वेगळं काढून बघतील. बहुतेक वेळा जुनंच काहीतरी निघतं."

कळतं मला. पण बशीवर 'धारूर' लिहिलं होतं. ते मी वाचलं, अन् परत वाचलं. मला इथपर्यंत येऊ देणाऱ्या सगळ्यांचे उपकार आठवले. त्या हसणाऱ्या पोराचेसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत मायला व्हिडिओ लावला. मॅडमनी फोन हातात घेतला. "आई, आणखी माती हवी होती. पण जमीन नांगरली असेल ना?"

"न्हाई बाई. ट्रॅक्टरपुढं हुबी राहिले. तेवढा तुकडा सोडायला लावला. म्हनलं, लेकीच्या हापिसाला लागली तर?"

मागं भाऊ पुटपुटला, "एका बशीपायी ज्वारी बुडाली." पण त्याचं तोंड हसरं होतं. म्हणे, गावभर सांगून आलाय.

"मग या वेळी न भाजता पाठवा," मॅडम म्हणाल्या.

"व्हय बाई, व्हय."

मॅडम निघून गेल्यावर माय पडद्याजवळ सरकली. आवाज खाली आणून म्हणाली, "खरंच कच्ची धाडू? मनात म्हनतील, हिच्या मायला रीत न्हाई."