आत्याच्या आईचं माहेर

गणपतीला सगळे जमतात म्हणून मी घराण्याची वंशावळ छापून घेतली होती. फ्लेक्सवर, रंगीत, भलंमोठं झाड. आत्याला समोर खुर्चीत बसवलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. तिनं मुळापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे सगळे काय फणसासारखे खोडाकच लागले? आवशी खंय?"

अख्ख्या झाडावर एक बाई नव्हती. स्वयंपाकघरात माझी बायको इतकी हसली की मोदकाची उकड तळाला लागली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सावत्र बहीण. लालबागच्या चाळीत जन्मली, नवरा गेल्यावर तिथेच परतली आणि चाळ पडल्यावर आमच्याबरोबर करी रोडच्या टॉवरमध्ये आली. मासेवाली असो, नर्स असो, लिफ्टमधली अनोळखी बाई असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हायेर खंयचा? आणि म्हायेरचा नाव काय?" बायका आधी गोंधळायच्या, मग अशा खुलायच्या की लिफ्टचं दार पायानं अडवून बोलत राहायच्या. सेक्रेटरीला ज्या बायका फ्लॅट नंबरानं माहीत, त्या आत्याला माहेरच्या नावानं माहीत होत्या.

स्वतःच्या आईचं ते नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा ही रांगत होती. फोटोही नाही. "नाव तरी गावांदे रे," ती म्हणायची. "हाक मारूक कायतरी व्हया ना?"

झाडाची लाज वाटून मी शोधाला लागलो. पालिकेतली मृत्यूची नोंद काढली, आजोबांचे गिरणीतले कागद धुंडाळले. सगळीकडे 'लक्ष्मी'. ते सासरी ठेवलेलं नाव. आजोबांनी दुसरं लग्न केलं तेव्हा माझ्या आजीचंही नाव लक्ष्मीच ठेवलं. बहुधा हाक बदलायला नको म्हणून. त्यामुळे कुठल्या कागदावरची लक्ष्मी कुणाची आई, हेही मला धड कळेना.

शेवटी आत्याच्या आजोळी, कोकणात गेलो. त्या घरात एक म्हातारी सून तेवढी उरली होती. "ती होय!" म्हणाली. "आमी धाकली आतेच म्हणू. नाव कोण घेता?" खेप फुकट गेली असं समजून मी तिचा फोन नंबर घेऊन परतलो.

तोवर आत्यानं अंथरूण धरलं होतं. "धाकली म्हणायचे तिला. एवढंच कळलं," मी म्हणालो.

ती उठून बसायला धडपडू लागली. "धाकली? म्हंजे थोरली होती! अरे, माका मावशी होती!"

एवढा मी पदवीधर, पण हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. आत्या रडत होती. आईसाठी रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "माय मरो नि मावशी उरो म्हणतत. माझी उरली होती रे! इचार, खंय होती ती?"

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. म्हातारी म्हणाली, "थोरली मुंबयतच होती. कॉटन ग्रीनाक, चाळीत. घोव गोदीत होतो. बरीच वर्सां झाली तिका जावन. भयणीच्या चेडवाक बघूक एकदा लालबागाक गेली, तर नव्या बायलेन दारातसूनच परत धाडल्यान. मगे परत गेली नाय."

नवी बायको, म्हणजे माझी आजी. कॉटन ग्रीनची गोदामं आमच्या गॅलरीतून दिसतात.

आत गेलो. आत्या दाराकडेच बघत होती.

"गावीच होती गं," मी म्हणालो. "तू रांगत होतीस तेव्हाच गेली."

तिनं डोळे पुसले, उशीवर मान टेकली. "मगे बरां," म्हणाली. "नायतर इल्याशिवाय ऱ्हवली नसती."

त्याच आठवड्यात आत्या गेली.

बारावं झाल्यावर मी बायकोला खरं काय ते सांगितलं. वाटलं, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललात म्हणून झापेल. ती ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "उद्या कॉटन ग्रीनला जाऊ. चाळ पाडली असेल तरी जाऊ. आपल्या घरातून कुणीतरी जायला हवं."