कच्च्या सुताचा करदोडा

नव्या कायद्यानं अटकेतल्या माणसाचं नाव फलकावर लावायचं आणि त्याच्या घरच्यांना लगेच कळवायचं काम ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याच्या गळ्यात घातलं. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या ठाण्यात तो गळा माझा, सहायक फौजदाराचा. "बाईंना फळा मिळाला, आता शाळा भरणार," म्हणून सगळे हसले. मी खडू मागून घेतला.

पहिल्याच आठवड्यात बांधाच्या भांडणात चुलत भावाचं डोकं फोडलेला एकजण आला. राग कधीच उतरला होता. कोठडीत घालण्याआधी पट्टा, नाडी, गळ्यातला दोरा काढून घेतात, आत कुणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. पण कमरेचा करदोडा आमचे जमादार कधीच काढत नसत.

"ताई, जित्या माणसाचा करदोडा तोडत न्हाईत. मेल्यावरच तोडतेत," ते म्हणाले.

तो माणूसही कंबर घट्ट धरून बसला. "मॅडम, माझी माय हाय अजून."

रीत मलाही ठाऊक होती. पण करदोडा चांगला जाड होता आणि त्या माणसाची नजर मला बरी वाटेना. काही झालं असतं तर रीत जबाब द्यायला येणार नव्हती. माझं माहेर लातूरकडचं. तिथं जुना करदोडा काढायच्या आधी नवा बांधतात, कंबर रिकामी राहू देत नाहीत. त्याच्या आईला कळवायचंच होतं. फोनवरच सांगितलं, येताना कच्चं सूत आणा.

मुखेडच्या एसटीनं म्हातारी दुपारी आली. तिनं लेकाच्या कमरेला झटक्यात तुटेल असा धागा बांधला, मग स्वतःच्या हातानं जाड करदोड्याची गाठ सोडली. जमादारांनी तो उचलून पट्ट्याशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीला टेकून रडत होता. मुठीत तुटलेला धागा. रात्री काय करायला गेलो होतो, ते त्यानंच सांगितलं. मी डॉक्टरांना आणि त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती पोचेपर्यंत जमादार गजाला लागून बसले होते, त्याला चहा पाजत.

नोकरीत मला बक्षिसं मिळाली, ती कपाटात आहेत. ताठ मानेनं सांगावं असं मात्र एकच. जामीन झाला त्या दिवशी फलकावरचं त्याचं नाव मी पुसलं, तेव्हा तो आपल्या पायांनी आईमागं एसटी स्टँडकडे चालला होता.