दोरोफेई तांडेलाची चुकलेली खूण

दोरोफेईचा स्वभाव असा, की बर्फावर पाऊल पडलं की त्याला दुसऱ्या कुणाचा आवाज खपत नसे. एरवी माणूस लोण्यासारखा. पण आमच्या गावची बर्फाखालची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी, चौतीस वर्षं त्याच्या हुकमावर चालली होती, आणि हुकूम म्हटला की त्यात गोडवा कुठून यायचा?

नोव्हेंबरात तळं घट्ट गोठलं की सगळं गाव बर्फावर उतरतं. पहारींनी ओळीने भोकं पाडायची, लांब काठ्यांनी जाळं बर्फाखालून पुढे ढकलत न्यायचं आणि दूरच्या मोठ्या भोकातून बाहेर ओढायचं. जाळ्यात सोबो येतात, चपटे सोनेरी मासे, हिवाळाभर पुरतील इतके. वाटणी घरटी सारखी. दिवसभर दोर ओढणाऱ्याला जेवढे, तेवढेच अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला. तळ्याचं नाव आम्ही तोंडाने घेत नाही. एबे म्हणतो, म्हणजे आजी. आजीसमोर एकानेच बोलायचं आणि तो एक म्हणजे रापणीचा म्होरक्या, तांडेल, ही पूर्वापार रीत.

दोरोफेईची सगळी विद्या एका खुणेत होती. उत्तरेच्या काठावरचं लार्चचं जुनं झाड आणि त्याच्या मागच्या टेकडीचं टोक एका रेषेत आलं, की तिथे पहिलं भोक. बापाने दाखवलेली खूण. तिथून जाळं सरळ डोहावरून जायचं, कधी अडकायचं नाही.

मागच्या वर्षी ते अडकलं. बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत गुंतलं आणि मधोमध फाटलं. अख्ख्या गावात सतरा मासे आले. घरटी अर्धाही नाही. ते सगळे अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांकडे पोचवले आणि बाकीच्यांनी दुकानातल्या गोठवलेल्या कोंबडीवर हिवाळा काढला. बर्फावर कुणी चकार शब्द काढला नाही, पण घरी गेल्यावर जिभा सुटल्या. सेम्योनची जरा जास्तच. सेम्योनचं अर्धं कुरण गेल्या आठ वर्षांत पाण्याखाली गेलंय, त्यामुळे तो जगावरच चिडलेला असतो. दोरोफेई म्हणाला, तळं पूर्वीचं राहिलं नाही. त्यावर सेम्योन दुकानासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता आमच्याकडे अंगणं खरोखरच वाकडी होतात, ही गोष्ट वेगळी. जमिनीखालचं बर्फ वितळायला लागल्यापासून घरं कलतात, गोठे खचतात, तळी फुगून कुरणांवर चढतात. पण टोमणा तो टोमणाच. दोरोफेईच्या तो जिव्हारी लागला. त्याहून मोठी भीती दुसरी होती. शेजारच्या गावात दोन वर्षं ओळीने जाळं रिकामं निघालं, आणि तिसऱ्या वर्षी कुणी पहारच उचलली नाही. तिथली रापण तिथेच मेली. गावच्या सभेत दोरोफेईने एवढंच मागितलं, की या वर्षी अजून एकदा रापण माझ्या हाती द्या. सभेने मान डोलावली. ती कीव होती हे त्याला कळलं.

ऑक्टोबरात तो अग्राफेनाचं घर उचलायला गेला. अग्राफेना त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, विधवा, अगदी काठावर राहणारी. घराचा एक कोपरा खचून दार लागेनासं झालं, की आम्ही खाली जॅक लावून तो कोपरा उचलतो आणि लाकडी ठोकळे सारतो. दोरोफेई बाहेर जॅक फिरवत होता आणि म्हातारी आत खिडकीशी उभी राहून घर सरळ झालं की नाही ते सांगत होती.

"पुरे," ती म्हणाली. "घर आलं जागेवर. झाड मात्र तू काही जागेवर आणू शकायचा नाहीस."

"कुठलं झाड?"

"तुझंच की. इथून पूर्वी ते टेकडीच्या टोकाला झाकायचं. आता टोक उघडं पडलंय, झाड पार डावीकडे गेलंय."

दोरोफेई हसला. म्हणाला, ताई, तुझं घर कललंय म्हणून तुला तसं दिसतं. अग्राफेनाने त्याला आत बोलावून खिडकीशी उभं केलं. "घर खाली गेलं होतं रे. खाली गेलेल्याला झाड डावीकडे कसं दिसेल?"

तो तसाच झाडाशी गेला. झाडामागे लांबलचक भेग पडून तिच्यात पाणी भरलं होतं. काठाचा अख्खा तुकडा झाडासकट तळ्याच्या कडेकडेने चाळीस पावलं घसरला होता, आणि झाड त्यावर ताठ उभं, जणू काही घडलंच नाही. चौतीस वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, ते झाडच चालतं झालं होतं.

अग्राफेनाकडे परत येऊन त्याने विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात."

"म्हणजे जाळं फाटलं त्याच्या आधी? मग बोलली का नाहीस, ताई?"

"सांगायला आले होते ना बर्फावर. पण तू हुकूम सोडत होतास. तुझ्यापुढे कोण बोलणार?"

दोरोफेईला लाज वाटली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्तच वाटली.

रापणीच्या दिवशी त्याने रीतीप्रमाणे शेकोटीला लोणी आणि धिरडी वाहिली. सगळे पहारी घेऊन हुकमाची वाट बघत होते. तो म्हणाला, "माझी खूण चुकली. झाड सरकलंय. मागच्या वर्षीचं जाळं मी फाडलं, एबेने नाही."

मग त्याने हात करून बुडालेल्या कुरणांची बाजू दाखवली.

"काठ खचून डोह गाळाने भरत आलाय. आता मासे असतील ते नव्या पाण्यात. पण त्याच्या तळाशी तुमची कुरणं आहेत. कुठे खुंट, कुठे कुंपण, ते मला ठाऊक नाही. तुम्ही तिथे गवत कापलंय. तेव्हा आज सगळ्यांनी बोलायचं."

मग सेम्योन पुढे आला, टाच बर्फावर आपटून म्हणाला, "इथून माझं कुरण. त्या टेकाडापर्यंत एक खुंट नाही. मी स्वतः उपटलेत, कंबर मोडून."

मग काय विचारता! जो तो बोलायला लागला. दोन भाऊ तर पाण्याखाली गेलेल्या बांधावरून भांडायला उठले. अग्राफेना घसरगाडीत बसून एकेकाच्या चुका काढत होती. दोरोफेईचा हात सारखा गप्प करायला वर येई; शेवटी त्याने तो खिशात घातला. बाजारासारख्या त्या गोंगाटात भोकांची ओळ ठरली.

दुपारी जाळं मध्येच एकदा थांबलं. दोर ताठ झाले. सेम्योन गुडघ्यावर बसला, दोर हाताने चाचपला. "गवताच्या गंजीचा खांब आहे माझा. डावीकडून घ्या, हळू." डावीकडून घेतलं. सुटलं.

जाळं बाहेर आलं तेव्हा भोकातलं पाणी सोनेरी उकळत होतं. बुडालेल्या गवतात सोबो पोसून हातभर झाले होते. बायका हसत होत्या, रडतही होत्या. दोरोफेईने टोपी काढली आणि कुणाचं लक्ष नसताना डोळे पुसले.

वाटण्या घरटी मांडून झाल्यावर कुणीतरी विचारलं, पुढच्या वर्षी तांडेल कोण?

"पाणी थांबणार नाही," दोरोफेई म्हणाला. "तेव्हा ज्याचं कुरण नव्याने बुडालं असेल, त्याला विचारा. मी काठी ढकलेन."

सगळ्यांनी सेम्योनकडे बघितलं. सेम्योन काठापलीकडे, आपल्या उरलेल्या अर्ध्या कुरणाकडे बघत राहिला. मग आपल्या वाटणीचे मासे पोत्यात भरत म्हणाला, "उन्हाळ्यात, पाणी चढायच्या आधी, कुंपण काढून घेतो. खुंटही काढायला हवेत, नाहीतर जाळं अडकेल."

"एकट्याने कसे काढशील?" दोरोफेई म्हणाला. "आम्ही येतो."