मोखाड्याची गाडी

मी चौथी पास, जामसरजवळच्या पाड्यातली. जव्हारच्या एका लहान सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले तेव्हा झाडू-पोतेरं आणि आजाऱ्यांचं उठवणं-बसवणं एवढंच माझं काम होतं. पण डॉक्टर घाटावरचे. आमच्याकडच्या माणसांची बोली त्यांना कळत नसे. म्हणून तपासताना ते मला शेजारी उभं करत. चार माणसांत बोलायची मला फार भीड. खाली बघूनच सांगायची.

डॉक्टरांची एक रीत होती. काही करायच्या आधी ते आजाऱ्यालाच विचारत. बहुतेक माणसं म्हणत, "तुम्ही कराल ते." हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की आपोआप तोंडात यायचं.

एकदा मोखाड्याकडच्या सूर्यमाळचा एक म्हातारा आला. अन्ननळीत गाठ होती, पातळ पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, यांना नीट समजावून सांगा. मुंबईला नेलं तर पोटाला भोक पाडून नळी घालतील. दोन-चार महिने वाढतील. गाठ काही बरी होणार नाही. जायचं की नाही ते यांनी सांगायचं, मुलाने नाही."

मी सांगितलं. म्हातारा हसला. "हा मला विचारतो? माझ्या म्हातारीने कधी भाजी कोणती करू म्हणून विचारलं नाही." मग म्हणाला, "नको म्हणावं. मला घरी नेऊन पडवीत टाका. आमच्याकडे पाणी नाही, पण वारा आहे. आणि फार दुखलं तर झोपेतच संपेन असं औषध असेल तर दे म्हणावं. मी कोणाला सांगणार नाही."

मुलगा बाजूलाच होता. हळूच म्हणाला, "ताई, हे नको सांगू. पाड्यात म्हणतील, पोराने बापाला मरायला परत आणलं."

मरायचं औषध मागतोय, हे डॉक्टरांना सांगायला माझी जीभच उचलेना. वाटलं, रागावतील, प्रकरण पोलिसांत जाईल. पहिलं अर्धं तरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तुम्ही कराल ते, म्हणतात."

"म्हणजे मुंबईला जायचं, असं त्यांनीच ठरवलं? नक्की?"

मी मान हलवली.

"सांगितलंस सगळं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत मी त्याला धरून गाडीत चढवलं. मुलाने खिडकीची जागा धरली होती. म्हातारा खुशीत होता. "पोरी, ही मोखाड्याची ना?" त्याला पाटी वाचता येत नव्हती. मला येत होती. मी त्याची घोंगडी नीट करत राहिले आणि कंडक्टर चढला तशी खाली उतरले.

भात लावणीच्या सुमारास मुलगा एकटाच आला. मुंबईत नळी घातली, ती म्हाताऱ्याने दोनदा उपसून काढली, मग त्याचे हात खाटेला बांधले. मरायचं औषध द्या, असं तो तिथे सगळ्यांना म्हणत राहिला. शेवटचं सगळं तिकडेच उरकलं. तो हे डॉक्टरांना तुटक मराठीत सांगत होता, माझी गरज नव्हती, तरी मी तिथेच उभी होते.

डॉक्टर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. बाबांनी स्वतः ठरवलं होतं. जीव घ्यायचं औषध मी कोणाला दिलं नसतं, ते मला पटत नाही. पण नको म्हणाले असते तर घरी पाठवलं असतं. दुखणं दबायचं इंजेक्शन द्यायला सूर्यमाळला येत गेलो असतो."

मुलगा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

त्यानंतर मी सगळं जसंच्या तसं सांगू लागले, शिव्यासुद्धा. एका म्हातारीने डॉक्टरांना मुडदा म्हटलं, तेही सांगितलं. ते हसून म्हणाले, "बाईंची भीड मोडली." मोडली नव्हती. त्यांची बदली होईपर्यंत रोज सकाळी ठरवायची, आज त्या म्हाताऱ्याचं खरं सांगते. पण कोणी आजारी माणूस उत्तर द्यायला बिचकला की डॉक्टर म्हणायचे, "घाबरू नका, सूर्यमाळचे एक बाबा होते, त्यांनी आपलं आपण ठरवलं." आणि मी ते त्या माणसाला आमच्या बोलीत सांगायची.